आधी ठोकळा, मग घर

गेल्या डिसेंबरातली गोष्ट. वीकांताला अकलोलीला मामाकडे गेलो होतो. अकलोली म्हणजे भिवंडी तालुक्यात, वज्रेश्वरी आणि गणेशपुरीच्या मध्ये, तानसा नदीच्या काठी. गरम पाण्याच्या कुंडांमुळे ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे, बाकीच्यांना "वज्रेश्वरीजवळ" असं सांगावं लागतं. हापिसातल्या मित्रांना मी "भिवंडीच्या गोडाऊनांच्या पुढे" असं सांगतो, ते मात्र सगळ्यांना लगेच कळतं, कारण प्रत्येकाचं पार्सल कधी ना कधी तिथे अडकलेलं असतं :-)

तर मामाला जुनं कौलारू घर पाडून तिथे तळमजला अधिक दोन मजले चढवायचे होते. वरच्या खोल्या देवीला आणि कुंडांवर येणाऱ्या लोकांना भाड्याने द्यायच्या, असा साधा हिशेब. गावातल्या मिस्त्रीने कागद काढून दिला होता. ३० फूट बाय ३० फूट, तीन मजले, एकूण २७०० चौरस फूट. मामाने तो माझ्यासमोर ठेवला.

"तू इंजिनियर ना? बघ जरा."

"मामा, मी कॉम्प्युटरचा इंजिनियर."

"इंजिनियर तो इंजिनियर."

या युक्तिवादाला उत्तर नसतं. मी कागद बघितला. खोल्या, दारं, जिना, संडास, सगळं जागच्या जागी होतं. मला तरी चूक काढता येईना. तेवढ्यात मामीने चहा ठेवता ठेवता विचारलं, "शेजारच्या काकूंच्या अंगणात ऊन येईल ना रे?"

उत्तरेला काकूंचं घर. मध्ये त्यांचं अंगण. भात झोडून झाला की तिथेच वाळत पडतो, आणि थंडीत घरातल्या म्हाताऱ्या माणसांची बसायची जागाही तीच. मी पुन्हा कागदाकडे बघितलं. कागदावर काकूंचं अंगण नव्हतंच. कागद आमच्या भिंतीपाशी संपत होता.

मामीचा प्रश्न साधा होता, पण तो कागदाला विचारून उपयोग नव्हता. त्यासाठी वास्तुरचनेत एक वेगळं हत्यार आहे, त्याचं नाव मासिंग मॉडेल. त्याच रात्री नेटवर वाचायला बसलो आणि पहाटे दोनला उठलो. त्या वाचनाचं हे फलित.

मासिंग मॉडेल म्हणजे काय?

खिडक्या नाहीत, रंग नाही, नक्षी नाही. फक्त ठोकळा. इमारत किती लांब, किती रुंद, किती उंच, कुठे आत सरलेली, कुठे पुढे आलेली, आणि आजूबाजूला काय आहे. पुठ्ठा, फोम, लाकूड, माती, हल्ली कॉम्प्युटर, कशातही करा. डिझाइनच्या अगदी पहिल्या टप्प्यात, अजून काहीच ठरलेलं नसताना, असे दहा ठोकळे करायचे आणि नऊ फेकून द्यायचे. आपल्या भाषेत सांगायचं तर कोड लिहायच्या आधीचा फेकाऊ प्रोटोटाइप.

आपण लांबून इमारत पाहतो तेव्हाही आधी ठोकळाच दिसतो. वज्रेश्वरीचं देऊळच घ्या. १७३९ साली मराठ्यांनी पोर्तुगिजांकडून वसई घेतली, त्या मोहिमेत चिमाजीअप्पांनी केलेल्या नवसाशी हे देऊळ जोडलं जातं. रस्त्यावरून काय दिसतं? टेकाड, त्यावर चढत जाणाऱ्या पायऱ्या, आणि वर किल्ल्यासारखी भिंत. कोरीवकाम नंतर, जवळ गेल्यावर. देवळाचा दरारा त्या ठोकळ्यात आहे.

पंधराव्या शतकात इटलीत लेऑन बात्तिस्ता अल्बेर्ती नावाचा एक विद्वान होऊन गेला. वास्तुकलेवरचा त्याचा ग्रंथ १४८५ साली छापला गेला. त्यात तो सांगतो की बांधायच्या आधी मॉडेल जरूर करा, पण साधं करा. रंगवलेलं, सजवलेलं मॉडेल दाखवणारा माणूस बघणाऱ्याचे डोळे दिपवू पाहतोय असं समजा, कारण त्या झगमगाटात भाग नीट तपासायचे राहून जातात. म्हणजे पाचशे वर्षांपूर्वी या माणसाला बिल्डरचं ब्रोशर कळलेलं होतं!

ज्याला अन्-डू नव्हतं ते काम

आपल्याकडचं याचं सगळ्यात अचाट उदाहरण म्हणजे वेरूळचं कैलास लेणं. आठव्या शतकातलं, राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळातलं मानलं जातं. शाळेच्या सहलीला आपण सगळ्यांनी ते पाहिलेलं असतं आणि हत्तीजवळ फोटो काढलेला असतो. पण ते झालं कसं, याचा विचार आता करून बघा.

आधी डोंगरात वरून खाली, तीन बाजूंनी खोल चर खणले. त्यामुळे मधोमध एक प्रचंड खडक सुटा उभा राहिला. तोच ठोकळा. मग शिखरापासून सुरुवात करून खाली खाली कोरत गेले. यात भर घालता येत नाही, फक्त वजाबाकी करता येते. समोरचा नंदीमंडप, त्याला जोडणारा पूल, दोन बाजूंचे उंच स्तंभ, या प्रत्येकासाठी लागणारा दगड पहिल्यापासून राखून ठेवावा लागला. चर खणताना एखादा स्तंभ विसरला असता तर तो परत आणता आला नसता. नक्षी वर्षानुवर्षं चालली असेल, पण कैलासाचं भवितव्य ठरलं ते ठोकळा सुटा झाला तेव्हाच.

मामाचं घर दगडात कोरायचं नसलं तरी गोष्ट तीच आहे. एकदा कॉलम उभे राहिले आणि स्लॅब पडला की "जरा मागे सरकवू या" म्हणता येत नाही.

मुंबईचा अदृश्य ठोकळा

आता माझ्या आवडीचा भाग. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात प्लेग सापडला. लोक शहर सोडून पळाले, गिरण्या ओस पडल्या. तेव्हाच्या सरकारी मंडळींचा ठाम समज होता की रोगाचं मूळ अंधाऱ्या, कोंदट, एकमेकांना चिकटलेल्या घरांत आहे. (प्लेग उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो हे मान्य व्हायला पुढे काही वर्षं जावी लागली. म्हणजे रोगाचं निदान चुकलं होतं, पण अंधारी घरं वाईट हे काही खोटं नव्हतं.) यातून १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट जन्माला आला. प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड, दादर-माटुंग्याच्या वसाहती ही याच ट्रस्टची कामं.

या ट्रस्टचे एक अध्यक्ष होते जे. पी. ऑर. घरातल्या उजेडाच्या प्रश्नाने या गृहस्थांना झपाटलेलं होतं. १९१२ साली त्यांनी मुंबईतल्या घरांमधला उजेड आणि हवा या विषयावर व्याख्यानच दिलं. ट्रस्टने ज्या नियमाचा पाठपुरावा केला तो इतका सुंदर आहे की सांगितल्याशिवाय राहवत नाही: साडेत्रेसष्ट अंशांचा नियम. घराच्या पायथ्यापासून साडेत्रेसष्ट अंशांच्या कोनात आकाशाकडे एक तिरकी रेषा ओढायची. समोरच्या इमारतीने ती रेषा ओलांडायची नाही.

६३.५ हा आकडा कुठून आला? कॅल्क्युलेटर काढा. त्याचा टॅन घ्या. उत्तर येतं २. म्हणजे समोरची इमारत जितकी उंच, त्याच्या निम्मी तरी मोकळी जागा मध्ये हवी. ४० फूट उंचीला २० फूट. बस्स. अकरावीतली ट्रिगोनोमेट्री, पण तिच्यावर शहर उभं राहिलं. हा कोन आला लंडनहून. तिथल्या १८९४ च्या बिल्डिंग कायद्यात घराच्या मागच्या मोकळ्या जागेसाठी हाच कोन होता.

म्हणजे काय झालं बघा. वास्तुविशारदाने पेन्सिल हातात घ्यायच्या आधीच प्रत्येक प्लॉटवर एक अदृश्य ठोकळा येऊन बसला, वरून तिरका कापलेला. इमारत त्याच्या आतच बसवायची. दादरच्या हिंदू कॉलनीत किंवा पारशी कॉलनीत फिरताना दोन इमारतींच्या मधली ती जागा दिसते ना, जिथे आता स्कूटरी लावलेल्या असतात? तशी जागा आपोआप सुटत नाही. ती उंचीच्या हिशेबाने सोडावी लागते.

तिकडे न्यूयॉर्कात

याच सुमाराला न्यूयॉर्कमध्ये वेगळ्याच कारणाने हाच प्रश्न उभा राहिला. १९१५ साली मॅनहॅटनमध्ये इक्विटेबल बिल्डिंग पूर्ण झाली. जवळजवळ चाळीस मजले, फुटपाथपासून सरळ वर, कुठेही आत न सरता. आजूबाजूचे रस्ते आणि इमारती तिच्या सावलीत गेल्या. अशा इमारतींविरुद्ध ओरड आधीपासून चालू होतीच. १९१६ साली शहराने कायदा केला की ठराविक उंचीनंतर इमारतीने रस्त्यापासून मागे मागे सरत जायचं.

पण कायदा शब्दांत होता. त्यातून नेमका आकार काय निघतो, हे कुणाला डोळ्यांपुढे येईना. १९२२ मध्ये ह्यू फेरिस नावाच्या चित्रकाराने वास्तुविशारद हार्वे कॉर्बेटबरोबर काम करून चार टप्प्यांची चित्रं काढली. पहिल्या चित्रात कायदा जास्तीत जास्त जेवढं भरू देतो तेवढा डोंगरासारखा ठोकळा. दुसऱ्यात उजेडासाठी त्याला पाडलेल्या खाचा. तिसऱ्यात तिरके उतार कापून केलेल्या पायऱ्या. चौथ्यात उपयोगी पडेल अशी इमारत. १९२९ साली ही चित्रं त्याच्या पुस्तकात आली. न्यूयॉर्कच्या त्या काळातल्या पायऱ्या-पायऱ्यांच्या गगनचुंबी इमारती आठवा. त्यांचा आकार सौंदर्यदृष्टीने सुरू झालेला नाही, तो शेजाऱ्याच्या उजेडाच्या भांडणातून सुरू झालेला आहे. सौंदर्य मागून आलं.

आकडा आला, आकार गेला

आपल्याकडे पुढे काय झालं? १९६४ च्या विकास आराखड्याबरोबर मुंबईत चटई क्षेत्र निर्देशांक आला, म्हणजे आपला लाडका एफएसआय. एफएसआय १ म्हणजे हजार चौरस फुटांच्या प्लॉटवर हजार चौरस फूट बांधकाम. पण हेच हजार फूट तुम्ही अख्खा प्लॉट व्यापून एका मजल्यात बांधू शकता, नाहीतर पाव प्लॉटवर चार मजले चढवू शकता. आकडा तोच. सावली वेगळी, अंगण वेगळं, शेजाऱ्याची खिडकी वेगळी.

साडेत्रेसष्ट अंश हा आकाराचा नियम होता. एफएसआय हा बेरजेचा नियम आहे. तो "किती" ते सांगतो, "कुठे" ते सांगत नाही. भोवती सोडायच्या जागेचे आणि उंचीचे नियम वेगळे असतात, नाही असं नाही. पण आपल्या बोलण्यातून आकार गेला तो गेलाच. आज कुणी घराबद्दल बोलायला लागला की पहिला प्रश्न "किती स्क्वेअर फूट?" हाच. १९९१ च्या नियमांनी टीडीआर आणला, म्हणजे एका जागेचे न वापरलेले चौरस फूट दुसरीकडे नेऊन वापरता येऊ लागले. त्या दिवसापासून चौरस फूट हा नोटेसारखा चलनात आला. नोटेला आकार असतो, पण नोट सावली पाडत नाही.

कापून मिळवलेली जागा

तरीही आकाराचा विचार करणारे लोक होते. मुंबईत पेडर रोडच्या बाजूला कंबाला हिलवर कांचनजंगा नावाची इमारत आहे. चार्ल्स कोरिया यांनी प्रविणा मेहतांबरोबर केलेली, १९८३ मध्ये पूर्ण झालेली. २१ मीटरचा चौरस पाया आणि ८४ मीटर उंची, म्हणजे बरोबर एकास चार. अगदी खोक्यासारखा ठोकळा.

मुंबईत अडचण अशी की समुद्राचा देखावा आणि वारा पश्चिमेकडून येतो, आणि दुपारचं रणरणतं ऊन आणि पाऊससुद्धा पश्चिमेकडूनच येतात. जुन्या बंगल्यांनी यावर भोवती व्हरांडा देऊन तोडगा काढला होता. कोरियांनी तोच व्हरांडा उभ्या टॉवरमध्ये आणला. ठोकळ्याच्या कोपऱ्यांतून दोन-दोन मजले उंचीचे तुकडे कापून काढले आणि तिथे गच्च्या केल्या. खोल्या आत, सावलीत, देखावा बाहेर. पेडर रोडवरून जाताना त्या कापलेल्या खाचा अजूनही दिसतात. फ्लॅट श्रीमंतांचे आहेत, पण विचार कोकणातल्या कुठल्याही पडवीचा आहे. आणि हा विचार खोल्यांची यादी करून सुचणारा नाही. ठोकळा हातात घेऊन "इथून कापलं तर?" असं विचारलं तरच सुचतो.

कॉम्प्युटरवर ठोकळे

आता आमच्या धंद्यातली गोष्ट. २००० साली अमेरिकेत बोल्डर गावातल्या एका छोट्या कंपनीने स्केचअप नावाचं सॉफ्टवेअर काढलं. जमिनीवर चौकोन काढा, त्याचा माथा माउसने धरून वर ओढा, झाला ठोकळा. खाली ढकला, झाला खड्डा. २००६ मध्ये गूगलने ही कंपनी घेतली आणि चकटफू आवृत्ती दिली. २०१२ मध्ये ती ट्रिम्बलकडे गेली. अक्षांश-रेखांश आणि तारीख टाकली की स्केचअप सावलीसुद्धा दाखवतं.

पण सोय वाढली तशी एक गंमत झाली. ठोकळा करायला पाच मिनिटं लागतात, आणि त्यावर काच, झाडं, ढग आणि हसणारं कुटुंब चिकटवायला आणखी पंधरा. त्यामुळे ठोकळ्यावर कुणी थांबतच नाही. क्लायंटला पहिल्याच मीटिंगला चकचकीत चित्र दिसतं आणि चर्चा टाइल्सच्या रंगावर सुरू होते. आमच्याकडेही डेमोमध्ये हेच होतं. स्क्रीन सुंदर दिसली की आतल्या रचनेबद्दल कुणी प्रश्न विचारत नाही. अल्बेर्ती असता तर हसला असता.

परत अकलोलीला

सकाळी उठून मी एक पार्सलचा खोका कापला. एक इंच म्हणजे दहा फूट असं माप धरलं. मामाचं नवं घर: तीन मजले तीस फूट, वर गच्चीचा कठडा तीन फूट, एकूण ३३. मध्ये आमची पाच फुटांची पट्टी, पुढे काकूंचं वीस फुटांचं अंगण, मग त्यांची भिंत. हे सगळं एका पाटावर मांडलं, उत्तर दिशा जुळवली, आणि पाट मामाच्या खळ्यात उन्हात ठेवला. सूर्य फुकट असतो आणि त्याला स्केलची अडचण नसते. मॉडेल नीट मापात असेल तर सावलीही मापातच पडते.

साडेबाराच्या सुमाराला सूर्य डोक्यावर (म्हणजे थंडीत जितका येतो तितका) आला. पुठ्ठ्याची सावली काकूंचं अख्खं अंगण ओलांडून त्यांच्या भिंतीवर चढली.

गणित करून बघितलं. अकलोली साधारण साडेएकोणीस अक्षांशावर. डिसेंबरच्या शेवटी भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून ४७ अंशच वर असतो. ३३ फुटांच्या घराची सावली पडते सुमारे ३१ फूट. मधलं अंतर २५. म्हणजे अंगण पूर्ण गेलं आणि भिंतसुद्धा सहा फूट गेली.

आणि आता खरी मजा. ऑरसाहेबांचा नियम लावून बघितला. ३३ च्या निम्मे साडेसोळा, आपल्याकडे २५ फूट आहेत. पास! लंडनहून आलेला तो कोन खोलीत आकाशाचा उजेड यावा म्हणून होता, अंगणात भात वाळावा म्हणून नव्हता. म्हणजे ज्या नियमाच्या मी आदल्या रात्री प्रेमात पडलो होतो, त्यानेही काकूंचं ऊन वाचत नव्हतं. कुठलाही नियम मामाला अडवणार नव्हता. फक्त तो पाट अडवत होता.

मग जुनं घर मापून ठोकळ्यात केलं. कौलांचा उतार साधारण तीस अंश, उत्तरेची वळचण खाली आलेली. उतार सूर्याच्या ४७ अंशांपेक्षा कमी, त्यामुळे उंच आढ्याची सावली वळचणीच्या पुढे जातच नव्हती. बांधणाऱ्याने तो उतार पावसासाठी दिला होता, काकूंसाठी नाही. पण इतकी वर्षं अंगणात ऊन पडत होतं ते त्या उतारामुळे, आणि घर पाडताना आपण आणखी काय पाडतोय याचा कुणालाच पत्ता नव्हता.

दुपारभर खोके कापले. सहाव्या ठोकळ्यावर बरंच जमलं. तळमजला पश्चिमेच्या मोकळ्या जागेत पंधरा फूट वाढवायचा, ४५ बाय ३०. वर एकच मजला, तोही उत्तरेकडून दहा फूट मागे सरलेला, पुढे गच्ची. सावली अंगणात सातेक फूट शिरते, बाकी तेरा फुटांत ऊन. क्षेत्रफळ २२५० चौरस फूट.

"म्हणजे साडेचारशे फूट गेले," मामा म्हणाला. "दोन खोल्या."

दोन खोल्यांचं भाडं म्हणजे मामासाठी थोडकी गोष्ट नाही, हे मला माहीत होतं. मी काही बोललो नाही. शहरात राहून पगार घेणाऱ्याने गावातल्या माणसाला दोन खोल्या सोडायला सांगणं फार सोपं असतं. मामी पण काही बोलली नाही. पाट तसाच खळ्यात राहिला आणि आम्ही जेवायला बसलो.

संध्याकाळी मी निघताना मामा खळ्यात उकिडवा बसला होता. तीन मजल्यांचा ठोकळा उचलायचा, दोन मजल्यांचा ठेवायचा, परत बदलायचा. ऊन केव्हाच उतरलं होतं, सावली दिसत नव्हती, तरी चाललं होतं.

पुढच्या आठवड्यात त्याचा फोन आला. मिस्त्रीला नवीन कागद काढायला सांगितला आहे, दोन मजल्यांचा. कारण विचारलं तर म्हणाला, "अरे, कागदावर काकू दिसत नव्हत्या."

काकूंना यातलं काहीच माहीत नाही. या वर्षीही भात तिथेच वाळेल.

असो. मंडळी, तुमच्यापैकी कुणी घर बांधत असेल, किंवा सोसायटीच्या रिडेव्हलपमेंटच्या मीटिंगला जात असेल, तर चौरस फुटांच्या आधी एक ठोकळा मागा. बिनरंगाचा. शेजारच्या इमारतींसकट.